साखर, सूक्ष्मजीव आणि कोयता

दुधाला विरजण लावणाऱ्या आपल्या आई-आजींनी सूक्ष्मजीवांकडून पिढ्यान्‌पिढ्या काम करून घेतले आहे. मात्र सूक्ष्मजीव स्वभावतः जे करील, तेवढ्यावरच त्यांना समाधान मानावे लागे. आज त्याची जनुके बदलून त्याने कोणता पदार्थ तयार करावा, हेही माणूस ठरवू लागला आहे.

अमेरिकेतील टेनेसी राज्यात लाउडन येथे 2006 मध्ये सुरू झालेला कारखाना याचे बोलके उदाहरण आहे. तेथे ई. कोलाय या जीवाणूत यीस्टची जनुके घालून साखरेचे ग्लिसरॉल आणि क्लेब्सिएला या दुसऱ्या जीवाणूची जनुके घालून त्या ग्लिसरॉलचे प्रोपेनडायॉल करण्याची क्षमता निर्माण केली गेली. गालिच्यांच्या धाग्यांसाठी लागणारे हे रसायन पूर्वी खनिज तेलापासून बनत असे. तेथे ते मक्याच्या साखरेपासून बनते.

हे यश निःसंशय मोठे आहे. परंतु तेलाची जागा साखरेने घेतली, तरी ती साखर कोणाच्या श्रमातून येते, हा प्रश्न उरतोच. भारत सरकारने 2024 मध्ये मंजूर केलेल्या बायोई-3 धोरणात जैवाधारित रसायनांना प्राधान्य दिले आहे. महाराष्ट्रात असे कारखाने उभे राहिले, तर त्यांचा कच्चा माल प्रामुख्याने उसाचाच असेल. तो ऊस तोडण्यासाठी बीडसारख्या जिल्ह्यांतून हजारो कुटुंबे उचल घेऊन दरवर्षी घर सोडतात आणि त्यांच्याबरोबर फडावर गेलेल्या मुलांची शाळा सुटते.

नव्या उद्योगामुळे या कुटुंबांचे आपोआप भले होईल, असे मला वाटत नाही. उसाची मागणी वाढेल. पण ज्ञान दुसऱ्यांच्या हाती राहिले, तर यांच्या हाती कोयताच राहील. म्हणूनच आई-वडील फडावर असताना मुलाला वर्गात ठेवणाऱ्या निवासी शाळेचे मोल मला प्रयोगशाळेइतकेच वाटते.

तेव्हा माजी विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे: शाळेला चांगले सूक्ष्मदर्शक द्या आणि सूक्ष्मजीवशास्त्र शिकू इच्छिणाऱ्या एका तरी मुलीच्या पदवीपर्यंतच्या शिक्षणाचा भार उचला. ऊस तोडणाऱ्याच्या लेकीने त्याच उसाच्या साखरेवर जीवाणू वाढवून नवे रसायन घडवावे. त्या दिवशी या विज्ञानाने आपले ऋण फेडले, असे मी म्हणेन.