पांघरुणाखालची बाई

मैत्रिणींनो, इंग्रजी कायद्यात ‘कव्हर्चर’ असा एक जुना शब्द आहे. आज तो वकिलांच्याही तोंडी फारसा नसतो. पण त्याचं कूळ आपण बायकांनी जाणून घ्यावं, असं मला वाटतं.

झाकणे या अर्थाच्या लॅटिन धातूवरून जुन्या फ्रेंचमध्ये आच्छादन, पांघरूण या अर्थाचा शब्द झाला आणि तोच इंग्रजीत आला. आपल्या ओळखीचा ‘कर्फ्यू’ही याच घराण्यातला. रात्री विस्तव झाकायचा हुकूम, हा त्याचा मूळ अर्थ. कायद्यात मात्र झाकली गेली ती बाई! अविवाहित किंवा विधवा असेल तर ती ‘एकटी स्त्री’, आणि लग्न झालेली ती ‘झाकलेली स्त्री’.

म्हणजे काय, हे ब्लॅकस्टोन या कायदेपंडिताने १७६५ मध्ये स्पष्टच लिहिलं. नवरा-बायको कायद्याने एकच व्यक्ती. लग्न टिकेपर्यंत बाईचं कायदेशीर अस्तित्व नवऱ्याच्या अस्तित्वात विरलेलं. तिची मजुरीसुद्धा नवऱ्याची. आणि हे सारं म्हणे तिच्याच रक्षणासाठी! इंग्लंडमध्ये १८७० च्या कायद्याने तिची कमाई तिची झाली, १८८२ च्या कायद्याने मालमत्ताही.

शब्द मागे पडला. पण त्यामागचा विचार गेला का? लग्न करताना बाईने शरीरसंबंधाला कायमची संमती दिलेली असते, म्हणून नवऱ्यावर बलात्काराचा गुन्हा होऊ शकत नाही, असं मत इंग्रज न्यायाधीश हेल याच्या १७३६ मध्ये छापलेल्या ग्रंथात आहे. इंग्लंडच्या सर्वोच्च न्यायपीठाने ते १९९१ मध्ये मोडीत काढलं. आपल्याकडे मात्र इंग्रजांच्या १८६० च्या दंडसंहितेतला नवऱ्यासाठीचा अपवाद नव्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ मध्ये पुन्हा आला. १ जुलै २०२४ पासून ही संहिता लागू झाली. बायको अठरा वर्षांची झाली, की या कलमाचं संरक्षण संपलं.

हा अपवाद काढला तर घरं मोडतील, असं सांगितलं जातं. मी विचारते, बाईच्या ‘नाही’ला किंमत दिल्याने जे मोडतं, ते घर कुणाचं होतं? गुलामीच्या खुणा पुसायच्या म्हणून कायद्यांची नावं बदलली. मग हीच खूण कशी राहिली?

रक्षण आणि झाकण यांतला फरक आपण आपल्या गटांमधून, शिबिरांमधून बोलत राहिलं पाहिजे. लग्नानंतरही बाई स्वतंत्र माणूसच असते, हे कायद्याकडून वदवून घ्यायचं अजून बाकी आहे.