कुंपण आधी विलायतेत पडलं



शिकलेसवरलेले लोक पाड्यावर येऊन आपल्याला विलायतेचा दाखला देतात. म्हणे तिथं 1688 साली पार्लमेंटनं राजाला वेसण घातली, मालमत्तेला कायद्याचं संरक्षण मिळालं, म्हणून शेती सुधारली, कारखाने निघाले. आणि तुम्ही अजून वहिवाट वहिवाट करताय!

आम्ही विचारतो, मालमत्ता कुणाची? पार्लमेंट कुणाची? 1710 च्या कायद्याप्रमाणे जिल्ह्यातून निवडून जायला वर्षाला 600 पौंडांचं जमिनीचं उत्पन्न लागायचं. म्हणजे कायदा करणारा जमीनदार आणि फायदा घेणाराही तोच. 1723 साली याच पार्लमेंटनं ठरवलं, तोंडाला काळं फासून, हत्यार घेऊन हरणांच्या रानात कोणी सापडला तर त्याला फाशी. त्याआधी 500 वर्षं, 1217 साली, खुद्द राजाच्या सनदेत लिहिलं होतं की हरणापायी कुणाचा जीव घ्यायचा नाही. (तीही सनद सरदारांनी बंड केल्यावर मिळाली, आणि वेठीच्या कुळांना त्यात जागा नव्हतीच.)

मग सामाईक रानं. तिथं गरिबाची गाय चरायची, चुलीला फाटी मिळायची. 1604 ते 1914 या काळात पार्लमेंटनं कुंपणाचे 5,000 वर कायदे केले. सुमारे 68 लाख एकर जमीन, इंग्लंडचा पाचवा हिस्सा आणि वर थोडी. रीत काय? चर्चच्या दारावर नोटीस, मग कमिशनर येणार, हक्काचा पुरावा मागणार. आजापासून गाय चारतो हा पुरावा धरला तर धरला. ज्याला तुकडा मिळाला त्यानं कुंपणाचा खर्चही करायचा. जमला नाही की तुकडा विकून मजुरीला जायचं. कारखान्यांना मजूर मिळाले ते असे. ओळखीचं वाटतं ना?

लोक गप्प बसले नाहीत. लंडनजवळ एपिंगचं जंगल आहे. तिथल्या लाउटन गावाला 11 नोव्हेंबर ते 23 एप्रिल फांद्या तोडायचा हक्क होता. जमीनदारानं कुंपण घातलं तरी गावकरी तोडायला गेले. 1866 साली तिघं तुरुंगात गेले. पुढं लंडनची नगरपालिका कोर्टात लढली आणि 1878 साली पार्लमेंटनं कायदा करून जंगल सर्वांसाठी मोकळं ठेवलं. फांद्यांचा हक्क मात्र पैसे देऊन संपवला.

साल ध्यानात ठेवा, 1878. त्याच साली इंग्रज सरकारनं हिंदुस्थानात जंगल कायदा केला. राखीव जंगल आलं, आपला हक्क गेला, राहिली ती साहेबाच्या मर्जीची सवलत. लंडनच्या माणसाला फिरायला जंगल मोकळं, आणि ठाणे-कुलाब्यात राबाला टहाळ तोडला तर गुन्हा! ओरड इतकी झाली की 1885 साली मुंबई सरकारला चौकशी कमिशन बसवावं लागलं. कमिशन उठलं, कायदा राहिला. 1927 चा कायदा त्याचाच मुलगा, तो अजून आपल्या मानेवर आहे.

तेव्हा कोणी विलायतेचा दाखला दिला की त्याला एपिंगचं विचारा. आणि पुढच्या सभेला येताना घरात कुडाला खोचून ठेवलेल्या दंडाच्या जुन्या पावत्या घेऊन या. तारीख पुसट झाली असली तरी आणा. ज्या सालात गार्डानं दंड केला त्या सालात तुम्ही ती जमीन कसत होतात, हे त्याच्याच हातानं लिहिलेलं आहे.