दोन खेळण्यांचे एक खेळणे

आमच्या घरच्या कोंकणीत क्रियेला ‘खेळप’ म्हणतात आणि वस्तूला ‘खेळणें’. मराठीने मात्र या दोहोंना एकच शब्द दिला आहे. ‘खेळणे’ हे नामही आहे आणि क्रियापदही आहे. व्याकरणाच्या तासाला हे सांगितले की विद्यार्थी मान डोलावून पुढच्या ओळीकडे वळतात. परंतु या योगायोगात एक मोठा अर्थ भरलेला आहे, असे मला वाटते. जे खेळले जाते ते खेळणे. ज्याच्याशी कोणी खेळत नाही ती केवळ वस्तू होय. ही कसोटी हाती घेऊन, आज ज्या एका नव्या छंदाची चर्चा आपल्या वर्गांतून कानी येते, त्याचा विचार करण्याचे येथे योजिले आहे.

हा छंद म्हणजे दोन जुन्या, नामांकित खेळण्यांचा मिलाफ करून काढलेल्या मूर्ती विकत घेऊन त्यांचा संग्रह करणे. एक उदाहरण घेऊ. अमेरिकेतील हॅस्ब्रो कंपनीने १९६४ साली ‘जी. आय. जो’ नावाचा सैनिक बाजारात आणला. मुलगे ‘बाहुली’ घेणार नाहीत या भयाने तिला ‘अ‍ॅक्शन फिगर’ असे भारदस्त नाव देण्यात आले. १९८२ साली हा सैनिक पावणेचार इंचांचा होऊन पुन्हा अवतरला. १९८४ साली त्याच कंपनीने ‘ट्रान्सफॉर्मर्स’ ही दुसरी खेळणी काढली. मोटार उलगडली की तिचा यंत्रमानव व्हावा, ही त्यांची करामत. पुढे या दोन्ही सेनांची चित्रकथांतून गाठ पडली आणि कालांतराने खेळण्यांतूनही. २०११ साली सॅन डिएगो येथील मेळाव्यासाठी कंपनीने जोच्या पथकाचे विमान स्टारस्क्रीम नावाच्या यंत्रमानवाच्या रंगांत रंगवून काढले. त्यानंतर असा मेगाट्रॉन आला की जो घडी केल्यावर जोच्या शत्रूंचा रणगाडा होतो.

या मिलाफाची गंमत अशी की, ही दोन घराणी मुळात एकाच वंशातील आहेत. जपानच्या ताकारा कंपनीने जी. आय. जोचेच शरीर घेऊन १९७२ साली एक पारदर्शक यंत्रपुरुष बनविला. १९७४ साली त्याची लहान आवृत्ती ‘मायक्रोमॅन’ निघाली. आणि या परंपरेतून जी रूप पालटणारी जपानी खेळणी जन्माला आली, त्यांनाच हॅस्ब्रोने ‘ट्रान्सफॉर्मर्स’ हे नाव दिले. म्हणजे यंत्रमानव हा त्या सैनिकाचा नातूच म्हणावयाचा!

शिवाय ही कथा दूरदेशीचीच आहे असे कोणी समजू नये. एम. आर. एफ. आणि हॅस्ब्रो यांच्या भागीदारीतून उभ्या राहिलेल्या फनस्कूल कंपनीचे उत्पादन १९८७ साली आपल्या गोव्यातील कारखान्यात सुरू झाले. याच कंपनीने भारतात जी. आय. जोचे सैनिक काढले. अमेरिकेतील सैनिकांहून त्यांचे रंग वेगळे, म्हणून आज परदेशी संग्राहक त्यांचा हौसेने शोध घेतात.

दोन खेळण्यांची अशी सांगड घालणे हा खेळाचा भ्रष्टाकार होय, असे काही वडीलधाऱ्या मंडळींचे मत आहे. मला ते मान्य नाही. आपल्या शेजारच्या सावंतवाडीचीच गोष्ट पाहा. पेडणे महाल १७८८ पर्यंत त्या संस्थानाचा भाग होता. तेव्हा तिची परंपरा आपल्यालाही परकी नाही. तेथील प्रसिद्ध दशावतारी गंजिफा ही अशा मिलाफाचीच संतती आहे. गंजिफाचा खेळ इराणी संस्कृतीतून मोगलांबरोबर आपल्याकडे रुळला; १५२७ साली बाबराने सिंधमधील आपल्या स्नेह्याकडे गंजिफा पाठविल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. मोगली गंजिफात आठ रंग आणि ९६ पाने. आपल्याकडील चिताऱ्यांनी त्या चौकटीत मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा अवतार बसविले. प्रत्येक अवताराचा एक राजा, एक प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा पाने, अशी १२० वाटोळी पाने झाली. दिवसा डाव मांडला तर रामाचा राजा ज्याच्या हाती त्याने पहिली खेळी करावी, रात्री मांडला तर कृष्णाचा राजा असणाऱ्याने. इतका सुंदर नियम त्या मिलाफातून उपजला. दरबारी खेळ आणि पुराणातील देव एकत्र आले आणि त्यातून जुन्याहून निराळे असे काही घडले. तेव्हा मिलाफ हा दोष नव्हे.

मग दोष कोठे आहे? तो खोक्यात आहे. या नव्या संग्रहाचा पहिला नियम असा की, खोके उघडावयाचे नाही. वेष्टन शाबूत असेल तर मोल अधिक. ते फाडले की मोल उतरले. हातापायांवर ओरखडा उठला की आणखी उतरले. म्हणजे ज्या खेळण्याला एकाही मुलाचा हात लागला नाही, ते खेळणे सर्वांत मौल्यवान! घडी घालता यावी म्हणून कारागिराने ज्याचे सांधे इतक्या कौशल्याने जुळविले, तो मेगाट्रॉन जन्मभर एकाच स्थितीत काचेआड उभा राहतो.

संग्राहकांची बाजूही ऐकली पाहिजे. ते म्हणतील की, आम्ही जपले म्हणून या वस्तूंचा इतिहास उरला. हे खरे आहे. गोव्याच्या कंपनीने काढलेल्या सैनिकांच्या रंगांची आठवण कोणी ठेवली असेल, तर ती त्यांनीच. बालपण ओसरल्यावर प्रौढ माणसाने आपल्या जुन्या सोबत्याला कपाटात स्थान दिले, तर त्यात हसण्यासारखे काही नाही. परंतु जो मुलगा आज बारा वर्षांचा आहे, त्याने आपले बालपण जगण्यापूर्वीच त्याचे पदार्थसंग्रहालय मांडावे, हे मला अनिष्ट वाटते. शिवाय ही खेळणी महाग असतात. मधल्या सुटीत कोणापाशी कोणती मूर्ती आहे यावर मैत्री ठरू लागली, तर पेडण्याच्या शेतकऱ्याच्या किंवा डिचोलीच्या खाणकामगाराच्या मुलाने काय करावे? त्याने बापापाशी हट्ट धरावा, की खेळाबाहेर उभे राहावे?

जपणूक खेळावाचून झाली म्हणजे काय होते, तेही गंजिफाच शिकविते. ही कला लोपत चालली असता सावंतवाडीचे राजे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी १९७० नंतरच्या काळात तिला पुन्हा ऊर्जितावस्था आणली. त्यांचे हे ऋण मोठे आहे. चित्रे वाचली, चिताऱ्यांचे हात वाचले. पण आज ती पाने घेणारे बहुसंख्य लोक ती भिंतीवर लावतात. डाव मांडणारे फारच थोडे. रामाचा राजा हाती येऊनही पहिली खेळी कोणी करीत नाही.

याच्या उलट आपला नरकासुर पाहा. दिवाळीपूर्वी वाड्यावाड्यांतील मुले बांबू, गवत आणि कागद जमवून रात्री जागवितात. कोणी मुखवटा रंगवितो, कोणी हात हलण्याची युक्ती काढतो. पुराणातल्या असुराला चित्रपटातल्या राक्षसाची ऐट येते. हाही मिलाफच, परंतु तो मुलांनी स्वतः केलेला असतो. नरकचतुर्दशीच्या पहाटे तो जाळून टाकतात. त्याची राखही उरत नाही, पण ज्याने त्याच्या मिशा लावल्या तो साठाव्या वर्षीही त्या वर्षीचा नरकासुर सांगतो.

मुलाला मिलाफ शिकवावा लागत नाही. करवंटीचा रणगाडा, माडाच्या पातीचे भिरभिरे त्याचे विमान, आणि चाक निखळलेल्या मोटारीवर सावंतवाडीचा लाकडी आंबा सेनापती म्हणून बसलेला, हे दृश्य आपल्या अंगणांत नवे नाही. दोन खेळणी जोडण्याचे काम मुळात मुलाचे आहे. कंपनीने ते करून दिले, तर खुशाल घ्यावे. परंतु ते काम तिच्यावरच सोपवून आपण नुसते खरेदीदार होऊ नये.

म्हणून विद्यार्थिमित्रांना माझी एक सूचना आहे. पुढील स्नेहसंमेलनाच्या हस्तकला-प्रदर्शनात एक मेज ‘दोन खेळण्यांचे एक खेळणे’ यासाठी राखून ठेवावे. घरातील दोन मोडकी खेळणी घ्या आणि त्यांतून तिसरे घडवा. अट एकच: ते आणण्यापूर्वी निदान आठ दिवस मित्रांसह त्याच्याशी खेळलेले असावे. ओरखडे असतील तर गुण कमी होऊ नयेत, उलट वाढावेत. आणि ज्यांच्यापाशी विकतची मूर्ती खोक्यात बंद आहे, त्यांनी घरी गेल्यावर ते खोके उघडावे आणि शेजारच्या मुलाला खेळावयास बोलवावे. त्यामुळे तिचे बाजारातील मोल थोडे उतरेल. पण मराठीने तिला जे नाव दिले आहे, ते तिला मिळेल.