‘एनोला गे’ आणि हिरोशिमाची नावे

दरवर्षी 6 ऑगस्टला जगभरातील शांतताप्रेमी जनता हिरोशिमाचे स्मरण करते, आणि त्या स्मरणाबरोबर ‘एनोला गे’ या विमानाचे नावही हटकून घेतले जाते. हे नाव कोणाचे आणि त्याभोवती पुढे कोणते राजकारण उभे राहिले, हे तपासून पाहणे अगत्याचे आहे. युद्धखोरांच्या शस्त्रांप्रमाणे त्यांची भाषाही जनतेने ओळखली पाहिजे.

एनोला गे टिबेट्स हे वैमानिक कर्नल पॉल टिबेट्स यांच्या आईचे नाव. मुलाने वैद्यकाचा अभ्यास सोडून विमानदलात जाण्याचे ठरविले, तेव्हा वडिलांचा विरोध असताना आईने त्याला पाठिंबा दिला होता. बी-29 जातीचे हे विमान नेब्रास्का राज्यात, ओमाहाजवळच्या मार्टिन कंपनीच्या कारखान्यात तयार झाले. मॉस्को फॅसिझमवरील विजय साजरा करीत होते त्याच दिवशी, 9 मे 1945 रोजी, टिबेट्स यांनी ते कारखान्यात जाऊन निवडले. प्रशांत महासागरातील टिनियन बेटावर उड्डाणाच्या आदल्या दिवशी त्यावर आईचे नाव रंगविण्यात आले. एरवी ते विमान चालविणारे कॅप्टन रॉबर्ट लुईस ते पाहून संतापले होते.

विमानाला आईचे नाव आणि त्याच्या पोटातील अणुबाँबला ‘लिटल बॉय’, म्हणजे लहान मुलगा! घरातील जिव्हाळ्याचे शब्द संहाराच्या साधनांना चिकटविले की संहारही घरगुती वाटू लागतो. प्रत्यक्षात सकाळी सव्वाआठ वाजता हा ‘लहान मुलगा’ शिमा रुग्णालयाच्या वर, सुमारे 600 मीटर उंचीवर फुटला. त्या वेळी हजारो शाळकरी मुलेमुली आगीचा फैलाव रोखण्यासाठी घरे पाडण्याच्या कामावर जुंपलेली होती. जपानी लष्करशाहीने सक्तीने आणलेले कोरियन मजूरही त्याच शहरात होते. 1945 अखेरपर्यंत सुमारे 1 लाख 40 हजार माणसे मृत्युमुखी पडली.

युद्ध लवकर संपावे म्हणून बाँब टाकला, असे समर्थन वॉशिंग्टनकडून आजवर केले जाते. परंतु बाँब टाकला नसता, सोव्हिएत संघ युद्धात उतरला नसता, तरीही जपानने 1945 संपण्यापूर्वी शरणागती पत्करलीच असती, असा निष्कर्ष अमेरिकेच्याच बाँबहल्ला सर्वेक्षण मंडळाने 1946 मध्ये नोंदविला. 8 ऑगस्टला सोव्हिएत संघाने जपानविरुद्ध युद्ध पुकारले आणि दुसऱ्याच दिवशी नागासाकी भस्मसात झाले. त्या दिवशी ‘एनोला गे’ने कोकुरा शहरावरील हवामानाची टेहळणी केली होती. जपानवर पडलेल्या बाँबची धमकी मॉस्कोपर्यंत पोहोचावी, हा हेतू यात स्पष्ट दिसतो.

पुढे या विमानाच्या इतिहासावरच बंधने आली. पन्नासाव्या स्मृतिवर्षी, 1995 मध्ये, वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाने विमानाबरोबर मृतांची व जखमींची कहाणीही मांडण्याचे योजिले होते. माजी सैनिकांच्या व हवाईदल समर्थकांच्या संघटनांनी आणि अमेरिकन संसद सदस्यांनी एवढे दडपण आणले की मूळ प्रदर्शन रद्द झाले व संचालक मार्टिन हार्विट यांना राजीनामा द्यावा लागला. 2003 मध्ये व्हर्जिनियातील नव्या दालनात संपूर्ण विमान झळकले, पण फलकावर मृतांचा आकडा नव्हता. त्याविरुद्ध हिरोशिमाच्या वाचलेल्यांनी तेथे जाऊन निषेध केला. मार्च 2025 मध्ये तर, असोसिएटेड प्रेसच्या वृत्तानुसार, अमेरिकन संरक्षण खात्याने संकेतस्थळांवरून हटविण्यासाठी खूण केलेल्या छायाचित्रांत या विमानाची छायाचित्रेही निघाली. कारण वरवर पाहता एकच दिसत होते : नावातील ‘गे’ हा शब्द! लाखभर माणसांच्या मरणाने जे राज्यकर्ते अस्वस्थ झाले नाहीत, त्यांच्या यंत्रणेला एका आईच्या नावातील अक्षर खुपले.

नावांचा हा खेळ केवळ अमेरिकेपुरता नाही. 1974 च्या पोखरण स्फोटाला करुणेचा उपदेश करणाऱ्या बुद्धाचे हास्य जोडण्यात आले आणि 1998 च्या स्फोटांना ‘शक्ती’ म्हटले गेले. अण्वस्त्रबंदीचा आंतरराष्ट्रीय करार 2021 पासून अमलात आहे; परंतु कोणत्याही अण्वस्त्रधारी राष्ट्राने, भारतानेही, तो स्वीकारलेला नाही.

हिरोशिमाच्या शांती उद्यानातील स्मारकाखाली दगडी पेटीत मृतांच्या नावांच्या वह्या जपलेल्या आहेत. दरवर्षी 6 ऑगस्टला नव्याने निधन पावलेल्या वाचलेल्यांची नावे त्यांत चढविली जातात, आणि ती संख्या आता तीन लाखांच्या वर गेली आहे. या वाचलेल्यांच्या ‘निहोन हिदांक्यो’ संघटनेला 2024 चा शांततेचा नोबेल पुरस्कार मिळाला. विमानाचे नाव जगाला पाठ आहे. या वह्यांतील नावे जगापुढे आणण्याचे काम शांतता चळवळीचे, आणि म्हणून श्रमिकांच्या पक्षाचेही आहे. आपल्या देशातही अण्वस्त्रांच्या गोंडस नावांमागील सत्य प्रत्येक शाखेने, प्रत्येक संघटनेने 6 ऑगस्टला जनतेसमोर मांडले पाहिजे.