कामठीचे चर्च आणि आमची न्यायबुद्धी

वाचकहो, नागपूरजवळ कामठीच्या छावणीत एक जुने अँग्लिकन चर्च आहे. ते १८३३ साली बांधले गेले. वाशीमकडील धम्मबांधव विचारील की, त्या चर्चशी आमचा काय संबंध? संबंध आहे, आणि तो आमच्या न्यायबुद्धीची परीक्षा पाहणारा आहे.

कामठीची छावणी १८२१ साली वसली. नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात इंग्रजांनी ठेवलेल्या तैनाती फौजेचे ते ठाणे. त्या फौजेतील गोऱ्या अधिकाऱ्यांना व सोजिरांना रविवारची प्रार्थना करता यावी म्हणून हे चर्च उभे राहिले. महार-मांगांच्या उद्धारासाठी नव्हे! अशा छावण्यांतील सरकारी पाद्र्यांचा पगार हिंदुस्थानच्या तिजोरीतून निघत असे. त्या तिजोरीत मिठावरील कराचाही पैसा होता, आणि मिठाचा कर अस्पृश्यालाही चुकला नव्हता. ज्याला गावच्या पाणवठ्यावर पाणी मिळत नव्हते, त्याच्याही घासातून साहेबाच्या धर्माचा खर्च भागत होता. या भागात शाळा काढली ती स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी. सरकारी पाद्र्याने नव्हे. पुढे १९०३ साली नागपुरास अँग्लिकन बिशपचे पीठ झाले. वऱ्हाड प्रांत, आणि त्यासोबत आपले वाशीमही, त्याच्या कक्षेत आले. १९३० साली ही मंडळी इंग्लंडच्या राजमान्य चर्चपासून कायद्याने वेगळी झाली आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरातच इतर पंथांसह उत्तर भारताच्या चर्चमध्ये विलीन झाली.

हा इतिहास सांगण्याचे कारण असे. आज आमच्यातील काही शहाणे म्हणतात, “ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्यांचे इंग्रजाने पुष्कळ लाड केले, आता ते अनुसूचित जातींच्या हक्कांत वाटा कशाला मागतात?” मी विचारतो, लाड केले ते कोठे? ज्या राजाच्या नावाने राज्य चालत होते, तो इंग्लंडच्या चर्चचा प्रमुख होता. त्याच राजाच्या सरकारने १९३६ साली अनुसूचित जातींची पहिली यादी काढली, आणि कोणताही भारतीय ख्रिस्ती मनुष्य अनुसूचित जातीचा समजला जाणार नाही, असे तीत लिहून ठेवले. राजाचा धर्म स्वीकारून गरिबाला राजाचे घर मिळाले नाही. उलट असलेला आधारही गेला.

स्वराज्यात तरी काय घडले? १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने हे हक्क हिंदूंपुरते ठेवले; शिखांतील फक्त मोजक्या जाती त्यात घेतल्या. १९५६ साली शीख अस्पृश्यांना सरसकट प्रवेश मिळाला. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला परमपूज्य बाबासाहेबांनी आम्हांस बुद्धाच्या चरणी नेले, आणि आम्ही केंद्राच्या यादीबाहेर फेकलो गेलो. महाराष्ट्र राज्याने सवलती दिल्या, तरी केंद्राचे दार उघडावयास १९९० साल उजाडावे लागले. चौतीस वर्षे आम्हांस काय ऐकविले गेले? “बौद्ध धर्मात जात नाही, मग सवलत कशाची?” वाचकहो, हेच वाक्य आज आपण ख्रिस्ती बांधवांना ऐकवीत नाही काय?

जात धर्मग्रंथाच्या पानावर नसली तरी ती गावाच्या वेशीवर असते. गळ्यात क्रूस घातल्याने मनुष्याचा वाडा बदलत नाही. पाटलाच्या लेखी तो कालचाच महार आणि कालचाच मांग. चर्चमध्येही जात शिरली, हे खरे. मिशनांनी जातीशी झुंज दिली नाही म्हणून बाबासाहेबांनी त्यांच्यावर कठोर टीका केली, हेही खरे. परंतु चर्चच्या पापाची शिक्षा चर्चमधील अस्पृश्याला का? एकदा जातीने मारले, पुन्हा कायद्याने मारावयाचे, हा कोणता न्याय?

दुसरा आक्षेप भुकेचा आहे: “भाकरी तेवढीच, खाणारे वाढतील.” ही भीती मी हसण्यावारी नेत नाही. परंतु विधिमंडळातील राखीव जागा लोकसंख्येच्या प्रमाणात असाव्यात, असे घटनाच सांगते. खाणारे वाढले तर भाकरी वाढवून मागावी. शेजाऱ्याच्या मुलास उपाशी ठेवू नये. आणि १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे काय? त्याचे संरक्षण वाटल्याने कोणाचे काय कमी होते? आज एकाच वस्तीतील दोन भावांना एकच शिवी, एकच मार मिळाला, तर बौद्ध भावाला हा कायदा जवळ करतो व ख्रिस्ती भावाला परत पाठवितो. मारणाऱ्याने धर्म विचारला नव्हता. कायदा मात्र विचारतो! २००७ साली रंगनाथ मिश्र आयोगाने ही धर्माची अट काढण्याची शिफारस केली होती.

धर्मांतराचे स्वातंत्र्य घटनेच्या पंचविसाव्या कलमाने दिले. स्वातंत्र्य द्यावयाचे आणि ते वापरणाऱ्यास दंड करावयाचा, याला स्वातंत्र्य म्हणत नाहीत. हा दंड आम्ही स्वतः भोगला आहे. म्हणून तो दुसऱ्याच्या माथी पडताना गप्प बसण्याचा अधिकार आम्हांला नाही.

कामठीने गोऱ्यांसाठी बांधलेले चर्च पाहिले, आणि त्याच कामठीने जयभीमचा घोष घरोघर नेणारा बाबू हरदासांसारखा झुंजार पुरुषही दिला. येत्या धम्मचक्र प्रवर्तन दिनी वाशीम, कारंजा, रिसोडच्या विहारांत सभा भरतील. त्या सभांत, धर्माची अट रद्द करा, असा ठराव मांडा. कोणी विरोध केला तर त्यास एवढेच विचारा: १९५६ ते १९९० आपण कोठे उभे होतो? जयभीम!