उन्हाळा कोठे काढावा

सरकारी अथवा निमसरकारी चाकरीतून निवृत्त झालेली माणसे सकाळच्या प्रहरी जेथे जमतात, अशा जालन्यातील कोणत्याही बाकावर घटकाभर बसले, तर राजकारण, मधुमेह आणि सोयाबीनचा भाव हे तीन विषय आटोपताच चौथा विषय हटकून निघतो, आणि तो म्हणजे उर्वरित आयुष्य कोठल्या हवेत घालवावे हा. ज्यांची मुले ठाणे-डोंबिवलीकडे स्थायिक झाली आहेत त्यांच्यापुढे समुद्रकाठचा दमट उष्मा उभा असतो. ज्यांची टोरांटो किंवा शिकागोकडे आहेत त्यांच्यापुढे हिमाची थंडी. आणि ज्यांची पुण्यात आहेत ते स्वतःस भाग्यवान समजून या चर्चेत सहसा तोंड उघडीत नाहीत. आमच्या आजोबांपुढे हा प्रश्न कधी आला नसावा. जेथे वतन तेथे मुक्काम आणि जेथे मुक्काम तेथली हवा, असा त्यांचा सरळ न्याय होता, आणि हवापाणी मानवत नसेल तर दोष हवेचा नसून मानवून घेणाऱ्याचा आहे, असे मानण्याइतकी ती पिढी कठोर होती.

मला विचाराल तर, दमट उन्हाळा आणि कडाक्याची थंडी या दोहोंतून निवड करावयाची झाल्यास मी थंडीच्या पक्षाचा आहे. परंतु या पक्षात दाखल होताना मी एक हरकत लेखी नोंदवून ठेवली आहे, ती ही की, आमच्या मराठवाड्याचा उन्हाळा या वादात दमट उन्हाळ्याच्या रकान्यात घालू नये. तो निराळा प्राणी आहे.

मुंबईत वैशाखातही पारा ३३-३४ अंशांपलीकडे क्वचित जातो आणि जालन्यात तो चाळिशी ओलांडून ४२-४३ पर्यंत चढतो, हे आकडे समोर ठेवले तर कोणीही परका मनुष्य मुंबईच्या बाजूने निकाल देईल. आणि तो निकाल चुकीचा ठरविण्यास एक मातीचा माठ पुरेसा आहे. माठाच्या अंगातील सूक्ष्म छिद्रांतून पाणी पाझरते, बाहेरच्या कोरड्या हवेत त्याची वाफ होते, आणि ती वाफ जाताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. म्हणून चैत्रात भरलेला माठ आमच्याकडे उन्हाबरोबर अधिकच गार होत जातो. तोच माठ डोंबिवलीस नेऊन ठेवला, तर त्याच्या अंगावर पाझरलेले पाणी तसेच साचते, खाली चकती ओली होते, आणि पाणी मात्र नळातून आले तसेच राहते, कारण तेथल्या हवेने आधीच इतके पाणी पोटात घेतलेले असते की आणखी घेण्याची तिला ताकद उरत नाही. मनुष्याच्या कातडीचा व्यवहार याहून भिन्न नाही. हवामानशास्त्रज्ञ ओल्या फडक्याने वेढलेल्या तापमापकावर जो पारा वाचतात तो या व्यवहाराचा खरा हिशेब होय: ४० अंश उष्णता आणि १५ टक्के आर्द्रता असता तो पारा २१ च्या आसपास राहतो, उलट ३३ अंश आणि ७० टक्के आर्द्रता असता तो २८ ओलांडतो. हाच पारा ३५ वर जाऊन तेथे टिकला, तर सावलीत स्वस्थ बसलेला धट्टाकट्टा मनुष्यही काही तासांत दगावेल, असे मानले जाते. म्हणजे दुपारी बारा वाजता जालन्याच्या मामा चौकात उपरण्याने डोके गुंडाळून उभा असलेला गृहस्थ, भाजून निघत असला तरी, शास्त्रदृष्ट्या दादरच्या पुलावर घामाने निथळणाऱ्या गृहस्थाहून सुस्थितीत असू शकतो. ही गोष्ट त्यास पटत नाही, हे खरे.

आणि रात्र. माझ्या मते कोणत्याही उन्हाळ्याची परीक्षा दुपारी घेऊ नये, रात्री घ्यावी. आमचा मुलूख समुद्रसपाटीपासून ५०० मीटरांच्या वर, आकाश निरभ्र, हवा कोरडी. दिवसभर तापलेली जमीन सूर्य मावळताच आपली उष्णता आकाशाकडे सोडू लागते, आणि मध्यरात्र उलटल्यावर गच्चीवर अशी एक झुळूक येते की पायथ्याशी ठेवलेली चादर माणूस झोपेतच अंगावर ओढतो. किनाऱ्यावर ढगाळ वाफेचे पांघरूण रात्रीही निघत नाही. तेथला किमान पारा मे महिन्यात २७ च्या घरात राहतो आणि पंखा तीच उबट हवा खोलीभर फिरवीत बसतो.

येथवर मी जालन्याची वकिली केली. आता ज्या मुद्द्यावर ही वकिली लंगडी पडते तो सांगितला पाहिजे. माठ, वाळ्याचा पडदा, कूलर, सायंकाळी अंगणात आणि गच्चीवर मारलेले पाणी, पन्हे, जोंधळ्याची आंबील, ही कोरड्या उन्हाळ्याची जी जी म्हणून औषधे आहेत ती सगळी पाण्याची आहेत, आणि पाणी हीच आमची उणीव. वर्षास सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस, तोही लहरी. शहराला पाणी पुरविण्यासाठी निजामाच्या अमदानीत घाणेवाडीचा तलाव बांधला गेला, पुढे वस्ती वाढली, कुंडलिका नदी आटली, आणि अखेर जायकवाडीहून जलवाहिनी आणावी लागली, तरीही नळास पाणी येण्याचा वार लक्षात ठेवणे ही येथील गृहिणींची पंचांग पाहण्याहून मोठी जबाबदारी राहिली आहे. २०१२-१३ च्या दुष्काळात मोसंबीच्या बागांना लोकांनी विकतचे टँकर घातले आणि तरी त्या डोळ्यांदेखत वाळल्या. त्या उन्हाळ्याचे तापमान इतर उन्हाळ्यांहून काही फार निराळे नव्हते. निराळे होते ते पाणी.

घरांचीही गोष्ट अशीच. आमची जुनी घरे माळवदाची: सागवानी तुळया, त्यांवर फळ्या, त्यांवर पांढऱ्या मातीचा हातभर थर, आणि खाली तितक्याच जाड भिंती. दुपारची झळ त्या मातीतून आत उतरेपर्यंत सायंकाळ होई, आणि सायंकाळी घरातली मंडळी त्याच माळवदावर निजावयास जात. ज्यांनी हे घर योजिले त्यांना उष्णतेच्या गतीचे गणित येत नसेल, पण उत्तर बरोबर आले होते. मात्र ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीस भूकंप झाला आणि तेच जड छप्पर हजारो माणसांच्या अंगावर आले; तेव्हापासून मराठवाड्यात माळवदाखाली निजणाऱ्याच्या मनात जी धास्ती बसली ती कोणत्याही थंडाव्याने जाण्यासारखी नव्हती. ज्यास ऐपत होती त्याने स्लॅब टाकली, ज्यास नव्हती त्याने पत्रे घातले. आता स्लॅब दिवसभर ऊन साठवून ठेवते आणि रात्री नेमकी आपण अंथरूण घातल्यावर ते व्याजासकट परत करते. पत्र्याविषयी तर लिहिण्यासच नको. आमच्या उन्हाळ्यास अलीकडे जी अपकीर्ती आली आहे, तिच्यातला निम्मा वाटा, माझ्या मते, हवेचा नसून छपराचा आहे.

थंडीच्या पक्षाचा नेहमीचा युक्तिवाद असा की, थंडीत माणूस एकावर एक वस्त्रे चढवू शकतो, उन्हाळ्यात मात्र उतरविण्यास मर्यादा आहे. युक्तिवाद बिनतोड आहे. त्यात खोट एवढीच की, तो ज्या थंडीचा विचार करून रचला गेला ती आमची थंडी आहे. मार्गशीर्ष-पौषातली जालन्याची थंडी म्हणजे १०-१२ अंशांची पहाट, वाकळ, शेकोटी, आणि शेतात आगटीभोवती बसून खाल्लेला हुरडा. टोरांटोची थंडी निराळी. माझा एक पुतण्या तेथे आहे. त्याच्याकडे जाऊन आलेली आमची वडील मंडळी एकमुखाने सांगतात की, घरात थंडी मुळीच नसते. फक्त घराबाहेर पडता येत नाही, दुपारी साडेचारास दिवस मावळतो, आणि बोलावयास कोणी नसते. म्हणून तिकडे मुले असलेली आईवडील मंडळी आता एक शहाणपणाची तजवीज करतात: गुढीपाडवा झाला की विमानात बसावे, व्हिसावर मिळणारे सहा महिने तेथल्या सौम्य उन्हाळ्यात काढावे, आणि पानगळ सुरू होताच हुरड्याच्या आधी परत यावे.

मुंबईच्या बाबतीत असा तह मला जमलेला नाही. डोंबिवलीस असलेली माझी कन्या दर वर्षी म्हणते, ‘‘बाबा, उन्हाळ्यात नको तर नको, पावसाळ्यातही नको म्हणता, निदान जानेवारीत तरी या, तेव्हा इकडची हवा छान असते.’’ हवा छान असते हे मला मान्य आहे. परंतु मुंबईस राहण्याजोगा असणारा तो एकच महिना, आणि जालना सोडवत नाही असाही तोच. हा पेच मी जावईबापूंपुढे मांडला तेव्हा ते हसले आणि म्हणाले, ‘‘मग आम्हीच येतो.’’ ते अद्याप आलेले नाहीत, ही गोष्ट अलाहिदा.

या प्रश्नावर ज्यांच्या हाती सत्ता होती त्यांनी एकच एक गाव निवडण्याचा मूर्खपणा केला नाही, हे इतिहासात स्पष्ट दिसते. इंग्रजी अमदानीत मुंबई इलाख्याचे गव्हर्नर हिवाळा मुंबईत, उन्हाळा महाबळेश्वरी आणि पावसाळा पुण्यास काढीत. दप्तरांचे गठ्ठे, कारकून आणि खानसामे त्यांच्या मागून घाट चढत-उतरत. हैदराबादच्या फौजेतील कॅप्टन रॉबिन्सनने १८२३ मध्ये वऱ्हाडातील चिखलदरा शोधून काढला तो याच उन्हास कंटाळून असावा. त्याच हैदराबाद कंटिंजंटची छावणी जालन्यास होती, आणि पुढे स्कॉटलंडसारख्या धुक्याच्या मुलुखातले मिशनरीही येथे येऊन राहिले, दवाखाना चालवून राहिले. उलट दिशेचा दाखला हवा असेल तर तो घनसावंगी तालुक्यातील जांबचा. १६०८ साली तेथे जन्मलेला नारायण ठोसर गोदावरीकाठची ही उघडी, तापती जमीन सोडून गेला, आणि समर्थ रामदास या नावाने त्याने वास्तव्यास निवडली ती चाफळ, शिवथरघळ, सज्जनगड अशी एकाहून एक पावसाळी आणि धुकट ठिकाणे. समर्थ हवापाण्यासाठी तिकडे गेले असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. परंतु शिवथरघळीत कोसळणारा धबधबा पाहताना जांबच्या माणसास काय वाटले असेल, हा विचार मनात येतो खरा.

माणसांपेक्षा वनस्पतींची निवड अधिक प्रामाणिक असते. मोसंबीच्या झाडास आंबे बहार धरावयाचा तर हिवाळ्यात त्याचे पाणी तोडून त्यास ताण द्यावा लागतो. पाने पिवळी पडू लागली की पाणी सोडतात, आणि मग फुलांनी झाड पांढरे होते. जेथे जमीन कधी सुकतच नाही अशा दमट मुलुखात हा ताण द्यावयाचा कसा? म्हणून ही बाग येथली, आणि भौगोलिक मानांकन मिळालेली मोसंबीही जालन्याची. बियाण्याचेही तसेच. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये येथे महिको सुरू केली आणि जालना बियाण्यांचे गाव झाले, याचे श्रेय अर्थातच त्यांच्या कर्तबगारीस आहे. परंतु साठवणीतल्या बियाण्याचा ओलावा एका टक्क्याने घटला तर त्याचे आयुष्य जवळजवळ दुप्पट होते असा त्या शास्त्रातला ठोकताळा आहे, आणि येथली कोरडी हवा त्यांना फुकट मिळाली होती, हेही विसरू नये. माझ्या कपाटातील पुस्तके मुलीच्या घरी दोन पावसाळे राहून आली तेव्हा त्यांच्या पुठ्ठ्यांवर बुरशीचे नकाशे उमटले होते. पुस्तके तरी जालन्याच्याच मताची आहेत.

या सगळ्या चर्चेत ज्यांस कोणी मत विचारीत नाही, अशी हजारो माणसे याच जिल्ह्यात आहेत. घनसावंगी, अंबड, मंठा, परतूर या तालुक्यांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. मागे म्हातारी आणि शिकणारे पोर, पुढे ट्रकमध्ये तान्हे मूल, भांडी आणि शेळी. सांगली-कोल्हापूरकडे आणि कर्नाटकात, उसाच्या ओल्या फडाशेजारी पाचटाच्या कोपीत ही माणसे हिवाळा काढतात, जेथे पहाटे चारास दव पडलेल्या पात्याला हात घालावा लागतो. आणि पाडव्याच्या आगेमागे हंगाम संपवून ती आपल्या गावी परततात तेव्हा विहिरी तळाला गेलेल्या असतात. म्हणजे थंडी उघड्यावर आणि पाण्याच्या मुलुखात, उन्हाळा पत्र्याखाली आणि टँकरच्या रांगेत. हवेची याहून वाईट वाटणी एखाद्या दुष्ट अव्वल कारकुनासही सुचली नसती.

मंठ्याकडील एका तांड्यावर गेल्या वैशाखात एका ओळखीच्या लग्नासाठी गेलो होतो. तेथे अशाच एका तोडकऱ्यास, मनात हा लेख घोळत असल्यामुळे, मी विचारले की, तुम्हांस थंडी बरी की ऊन. त्याने माझ्याकडे जरा वेळ पाहिले आणि उलट विचारले, ‘‘साहेब, तुमच्याकडं जालन्याला नळाला पाणी कितव्या दिशी येतंय?’’ मी खरे ते सांगितले. ‘‘मग बरंय की,’’ असे म्हणून त्याने खिशातून मुकादमाच्या हिशेबाचा घडी घातलेला कागद काढला, आणि मी कचेरीत होतो हे ठाऊक असल्याने, तो तपासून देण्यास सांगितले. बेरीज बरोबर होती. वजाबाकीत मात्र एकच रक्कम दोन ठिकाणी धरलेली होती, आणि ती त्यास व त्याच्या बायकोस उलगडून सांगेपर्यंत वरात दारात आली.