पाण्याखालची सोबत

खोपटच्या एस.टी. डेपोत कोकणच्या गाडीची वाट पाहत आम्ही बाकावर बसलो होतो. डावा हात सवयीने खिशात. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात पॉवर प्रेसखाली त्या हाताची चार बोटे गेली, त्याला आता पुष्कळ वर्षे झाली. शेजारी भाचा. मालवणला जाऊन समुद्राखाली उतरायचे, हा हट्ट त्याचाच.

तो म्हणाला, "मामा, तिथे फॉर्म भरून घेतात. हाताचे लिहायचे हं."

"लिहिले तर उतरू देतील का रे?" आम्ही विचारले.

वाचकहो, हा प्रश्न आमच्या एकट्याचा नाही. नोकरीचा अर्ज असो की सोयरिकीची बैठक, अंगात काही उणे असलेला माणूस ते झाकायला शिकतो. आम्हीही शिकलो होतो. तरी त्या दिवशी लिहिले.

मालवण-तारकर्लीला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास पावसाळा सोडून स्कूबा डायव्हिंग चालते. पाठीवर टाकी, तोंडात श्वासाची नळी, डोळ्यांवर काचेचा मुखवटा. टाकीत ऑक्सिजन असतो असे पुष्कळांना वाटते, पण या टाकीत असते आपलीच साधी हवा, दाबून भरलेली. दर १० मीटर खोलीला एका वातावरणाइतका दाब वाढतो. म्हणून कानाला दडे बसतात आणि नाक चिमटीत धरून हलकेच फुंकावे लागते. श्वास मात्र कधीच रोखायचा नाही. वर येताना छातीतली हवा फुगते आणि फुप्फुसाला इजा होते.

प्रशिक्षक पोरगा भाच्याच्याच वयाचा. त्याने फॉर्म वाचला आणि म्हणाला, "काका, हात दाखवा." आम्ही खिशातून हात काढला. त्याने 'अरेरे' केले नाही. सरळ विचारले, "उजव्या हाताने नाक धरणार, मग खुणा कशाने करणार?" इतक्या वर्षांत असा कामाचा प्रश्न आम्हाला कोणी विचारला नव्हता. मग दोघांनी बसून ठरवले. सगळे ठीक, तर अंगठा आणि तर्जनीचे गोल. अंगठा वर केला, तर 'वर चला'. जमिनीवरचे 'झकास' पाण्यात चालत नाही. आणि उजवा हात नाकावर अडकला असेल, तर डाव्या पंजाने त्याच्या दंडावर दोनदा दाबायचे.

खाली उतरताना कान ठणकला. आम्ही दोनदा दाबले. तो तिथेच थांबला, आम्हाला थोडे वर घेतले, कान मोकळा होईपर्यंत धीर धरला आणि मग पुन्हा खाली नेले. पट्ट्यापट्ट्यांचे मासे हातभर अंतरावरून गेले. आमचा डावा पंजा सगळा वेळ त्याच्या हातात होता.

वर आल्यावर आम्ही त्याचे उपकार मानू लागलो. तो हसला. म्हणाला, "काका, आम्हीसुद्धा जोडीनेच उतरतो." शिकलेल्या पाणबुड्यांचाही हाच रिवाज. उतरण्याआधी एकमेकांचे पट्टे, नळ्या, हवा तपासायची. प्रत्येकाजवळ श्वासाची एक जादा नळी असते. ती जोडीदाराची हवा संपली तर त्याला देण्यासाठी.

अमेरिकेत १९८१ साली 'हँडिकॅप्ड स्कूबा असोसिएशन' निघाली. ती अपंगांचे तीन गट करते, पण कोणता अवयव गेला यावरून नव्हे. स्वतःला सांभाळून जोडीदारालाही मदत करू शकतो, त्याला एक जोडीदार. स्वतःपुरते सांभाळतो, त्याला दोन. स्वतःलाही मदत लागते, त्यालाही दोन, पण त्यातला एक बचावाचे शिक्षण घेतलेला. पाणी तिघांनाही खुले, फक्त सोबत कमी-जास्त.

आपल्या सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्यांनी जायबंदी झाले. उपचार म्हणून ते पोहू लागले, आणि १९७२ साली जर्मनीत हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर पोहून त्यांनी सुवर्णपदक आणले. पद्मश्री मिळायला मात्र २०१८ साल उजाडले. २०१६ च्या अपंग हक्क कायद्यात खेळ आणि करमणूक यांचाही हक्क लिहिला आहे. म्हणून घरातल्या अपंग मुलाला "तुला कुठे झेपणार?" म्हणण्याआधी, "तुला सोबत कोणती लागेल?" एवढे विचारा.

मात्र एक ताकीद. दमा, फिट येणे, हृदयविकार, कानाच्या पडद्याची दुखापत यांतले काहीही असेल, तर आधी डॉक्टर, मग समुद्र. साध्या सर्दीतही उतरू नये. फॉर्मवर खोटे लिहिले तर जोडीदार अंधारात राहतो, आणि पाण्यात त्याची किंमत दोघांना मोजावी लागते.

परतीची गाडी पहाटे खोपटला लागली. पिशव्या जड होत्या. एरवी आम्ही दातओठ खाऊन एका हाताने ओढल्या असत्या. त्या दिवशी मागच्या प्रवाशाला म्हणालो, "दादा, एवढी पिशवी खाली द्या, हाताला बोटे नाहीत." त्याने दिली. आम्ही खाली उतरून त्याच्या म्हाताऱ्या आईला हात दिला. तो डावाच होता.